फिनेलच्या बाटलीपासून खामच्या गाळापर्यंत : ऑक्सिजनशिवाय काम करणारे जिवाणू

विहारातल्या महिला मंडळाची बैठक संपल्यावर एका ताईंनी प्रश्न विचारला. "आम्ही संडासात रोज फिनेल ओततो. आठवड्यातून एकदा ॲसिडही टाकतो. तरी टाकीचा वास जात नाही आणि दीड वर्षात टाकी भरते. शेजारच्या मावशी नुसत्या ब्रशने आणि पाण्याने घासतात, त्यांची टाकी नीट चालते. असे कसे?"

थोडक्यात उत्तर असे, की सेप्टिक टँक म्हणजे घाण साठवण्याची नुसती पेटी नाही. तिच्यात कोट्यवधी जिवाणू रात्रंदिवस काम करत असतात. आपण वरून भरमसाट फिनेल आणि ॲसिड ओतले की ते मरतात किंवा गारठतात. काम थांबते, गाळ साचतो आणि टाकी लवकर भरते.

सविस्तर उत्तर मात्र टाकीपुरते नाही. खाम नदीच्या काळ्या गाळात, नारेगावच्या कचऱ्याच्या डोंगरात आणि कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्यांत याच प्रकारचे जिवाणू असतात. पेट्रोल, थिनर, रंग आणि फिनेल यांतली विषारी रसायने ऑक्सिजन नसताना मोडण्याची करामत त्यांच्यातल्या काहींना साधली आहे. ते काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे कळले तर आपल्या घरातल्या, वस्तीतल्या आणि शहरातल्या पाण्याविषयी बरेच काही कळते.

जिथे आपण जगू शकत नाही तिथे

आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सेप्टिक टँकच्या तळाशी, नदीच्या गाळात किंवा कचऱ्याच्या ढिगाच्या पोटात तो जवळजवळ नसतो. वरच्या थरातले जीव तो आधीच वापरून टाकतात आणि खाली काही उरत नाही.

पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे. तिच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधीही जीवसृष्टी होती आणि ती ऑक्सिजनविनाच जगत होती. त्या जुन्या जिवांची पद्धत आजही चालू आहे. शाळेच्या पुस्तकात मुले 'विनॉक्सिश्वसन' हा शब्द शिकतात, तो याच पद्धतीसाठी.

आपण ऑक्सिजन घेतो तो अन्नातली ऊर्जा काढताना सुटणारे इलेक्ट्रॉन कुठेतरी सोपवण्यासाठी. ऑक्सिजन नसेल तर हे जिवाणू तेच इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाला तरी देतात. कोणी पाण्यातल्या नायट्रेटला देतात, कोणी मातीतल्या गंजासारख्या लोहाला, कोणी सल्फेटला. हे काहीच नसेल तर शेवटी मिथेन वायू तयार होतो. गोबरगॅसच्या टाकीत हेच घडते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यातून निघणारा असा वायू गोळा करून वापरला जात होता. म्हणजे आपल्या राज्याला ही गोष्ट सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे.

सहा कार्बनची कडी

आता रसायनांकडे वळू. कार्बनचे सहा अणू एकमेकांचे हात धरून गोल उभे राहिले की एक कडी तयार होते. तिला बेंझिनचे वलय म्हणतात. ज्या पदार्थांत अशी कडी असते त्यांना अरोमॅटिक, म्हणजे सुवासिक, असे नाव पडले. याचे कारण सुरुवातीला माहीत झालेले असे काही पदार्थ लोबानासारख्या सुगंधी डिंकातून मिळाले होते. नाव सुवासिक असले तरी या कुळातले सगळेच निरुपद्रवी नाहीत.

ही कडी निसर्गात सगळीकडे आहे. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमध्ये ती आहे. डाळीच्या आणि अंड्याच्या प्रथिनांत आहे, म्हणून आपल्या शरीरातही आहे. शेणाच्या वासातला एक घटक क्रेसॉल, तोही याच कुळातला. आणि काळ्या फिनेलमध्ये मुख्यतः काय असते? दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले फिनॉल आणि क्रेसॉल यांसारखे पदार्थ. म्हणजे शेणाचा वास आणि काळ्या फिनेलचा वास लांबचे का होईना, नातेवाईक आहेत. (पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइनच्या झाडाचे तेल असते.)

कपाटातल्या डांबरगोळ्या अनेकदा नॅफ्थलीनच्या असतात, म्हणजे दोन कड्या जोडलेला पदार्थ. पेट्रोलमध्ये बेंझिन, टोल्युईन आणि झायलिन असतात. टोल्युईन आणि झायलिन रंगाच्या थिनरमध्येही असतात. कापडाचे अनेक रंग, काही कीटकनाशके, औषध कारखान्यांतला कच्चा माल, या सगळ्यांत ती कडी सापडते.

आरोग्याच्या दृष्टीने यातले काही फार घातक आहेत. बेंझिनचा दीर्घकाळ संपर्क आला तर अस्थिमज्जेला इजा होते आणि रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त बेंझिन नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. फिनॉलसारख्या पदार्थांसाठी भारतीय मानक (आयएस १०५००) याहून कडक आहे. त्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे. आपल्या देशातल्या पेट्रोलमध्ये मात्र एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते. यावरून हिशेब करा. थोडेसे पेट्रोल जमिनीत मुरले तरी किती पाणी खराब होईल!

कडी मोडायची कशी?

ही कडी फार चिवट असते. तिचे इलेक्ट्रॉन साऱ्या कडीत वाटलेले असल्यामुळे ती सहज तुटत नाही. ऑक्सिजन असेल तिथले जिवाणू ऑक्सिजनचाच हत्यारासारखा वापर करतात. त्यांची विकरे ऑक्सिजनचे अणू कडीवर बसवतात आणि मग ती फोडतात.

ऑक्सिजन नसेल तर? आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. कोरडा हरभरा जात्यात भरडता येतो. जाते नसेल तर तो रात्रभर भिजत घालावा लागतो. वेळ लागतो, पण दाणा मऊ होतो आणि मग बोटानेही दाबला जातो. ऑक्सिजनशिवायचे जिवाणू दुसऱ्या वाटेने जातात.

पहिली पायरी म्हणजे कडीला मूठ बसवणे. टोल्युईनला बाजूला एक छोटा दांडा आधीच असतो. त्या दांड्याला जिवाणू फ्युमरेट नावाचा रेणू जोडतात. हे फ्युमरेट आपल्या पेशींतही रोज तयार होते. फिनॉल असेल तर त्याला कार्बन डायऑक्साइड जोडतात. साध्या बेंझिनला मूठ धरायला काहीच नसते, म्हणून ते सर्वांत हळू मोडते.

दुसरी पायरी म्हणजे या सगळ्या वाटा एका नाक्यावर आणणे. त्या नाक्यावरच्या पदार्थाचे नाव बेंझॉइल-कोए. निरनिराळे अरोमॅटिक पदार्थ इथे येऊन मिळतात.

तिसरी पायरी म्हणजे भिजवणे. जिवाणू आपली ऊर्जा खर्च करून या कडीत जास्तीचे इलेक्ट्रॉन घालतात. त्यामुळे तिची घट्ट वीण सैल पडते. मग पाण्याच्या रेणूच्या मदतीने ती उघडते आणि तिचे लहान तुकडे होतात. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे साधे पदार्थ.

बहुतेक ठिकाणी हे काम एकटा जिवाणू पूर्ण करत नाही. एक जिवाणू कडी मोडून हायड्रोजन आणि ॲसिटेट बाहेर टाकतो. हा हायड्रोजन साठला तर त्याचे स्वतःचेच काम अडते. तो उचलायला दुसरा, मिथेन बनवणारा सूक्ष्मजीव शेजारी लागतो. दुसरा नसेल तर पहिला उपाशी आणि पहिला नसेल तर दुसरा उपाशी. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगताना विहारात आपण दिव्याची वात आणि तेल यांचे उदाहरण देतो. सेप्टिक टँकमधला हा शेजारही त्यासाठी चांगले उदाहरण आहे.

हे कोणी पाहिले?

ऑक्सिजनशिवाय ही कडी मोडेल यावर शास्त्रज्ञांचा फार काळ विश्वास नव्हता. १९३४ साली अमेरिकेत टार्विन आणि बझवेल यांनी बेंझॉइक आम्लासारख्या पदार्थांपासून हवाबंद भांड्यात मिथेन तयार होतो, हे दाखवले. पुढे जर्मनीत गेओर्ग फुक्स यांच्यासारख्यांनी या क्रियेच्या पायऱ्या उलगडल्या. थाउएरा नावाचा जिवाणू या अभ्यासात फार उपयोगी पडला आणि तो सांडपाण्याच्या गाळात सापडतो. १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर सापडला. १९८९ मध्ये डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हा जिवाणू मातीतल्या लोहाचा उपयोग करून टोल्युईनसारखे पदार्थ मोडतो.

प्रत्यक्ष जमिनीत हे घडते का, याचे उत्तर एका अपघाताने दिले. २० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिड्जी गावाजवळ कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. बरेचसे काढून घेतले, उरलेले जमिनीत मुरून भूजलापर्यंत गेले. शास्त्रज्ञांनी ती जागा कायमची प्रयोगशाळाच केली. बेंझिन आणि टोल्युईन भूजलाबरोबर जितके दूर जाईल असे वाटत होते तितके गेले नाही, कारण वाटेत ऑक्सिजनशिवायचे जिवाणू ते खात होते. त्यात लोह वापरणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

पण गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चाळीस वर्षांनंतरही तिथल्या जमिनीत तेल शिल्लक होते. जिवाणू काम करतात, पण आपल्या घाईने करत नाहीत.

खाम, नारेगाव आणि आपला काळा पाषाण

आता छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत येऊ. खाम नदी हर्सूलकडून येते, मकाई दरवाजा आणि पाणचक्कीजवळून वाहते आणि पुढे गोदावरीकडे, जायकवाडीच्या नाथसागराच्या दिशेने जाते. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी मिळून तिच्या काठांची स्वच्छता आणि सुधारणा हाती घेतली आहे. तरी सांडपाणी मिसळते तिथला गाळ काळाच दिसतो. हा काळेपणा बराचसा लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा आहे. वर येणारे बुडबुडे मिथेनचे आणि सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे तिथे ऑक्सिजन संपला आहे आणि आपण वर पाहिलेले जिवाणू काम करत आहेत. काळा गाळ हा त्यांचा गुन्हा नाही. त्यांच्यावर किती बोजा पडला आहे, याची ती खूण आहे.

ज्या जायकवाडीकडे हे पाणी जाते, तिथूनच शहराला पिण्याचे पाणी येते. ते शुद्धीकरण होऊन येते हे खरे. पण साधे शुद्धीकरण गढूळपणा आणि रोगजंतू काढण्यासाठी असते, विरघळलेले थिनर किंवा पेट्रोल काढण्यासाठी नाही. म्हणून आपण नाल्यात काय सोडतो हा प्रश्न शेवटी आपल्याच नळाशी येतो.

नारेगावचा कचरा डेपोही आठवा. अनेक वर्षे साऱ्या शहराचा कचरा तिथे पडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये मांडकी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वास, धूर आणि खराब झालेले पाणी हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने तिथे कचरा टाकायला मनाई केली. अशा ढिगाच्या पोटात ऑक्सिजन नसतो. तिथे मिथेन तयार होतो, तो पेट घेतो आणि पावसाचे पाणी ढिगातून झिरपून काळा रस होऊन बाहेर पडते. रंगाचे डबे, बॅटऱ्या, औषधे, प्लास्टिक सगळे एकत्र टाकले की त्या रसात फिनॉल आणि टोल्युईनसारखे पदार्थही उतरू शकतात. जिवाणू त्यातले काही मोडतात. पण बॅटरीतले शिसे आणि पारा हे धातू असतात. त्यांना मोडायला कडीच नसते, कोणताही जिवाणू ते नाहीसे करू शकत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बेमिड्जीची जमीन वाळूची आहे. तिच्यात पाणी सावकाश मुरते आणि वाळूच्या कणाकणावर बसलेल्या जिवाणूंना काम करायला वेळ मिळतो. मराठवाड्यात वरच्या मातीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून पाणी काही ठिकाणी भराभर पुढे सरकते. वस्तीतला बोअर आणि शोषखड्डा यांच्यामध्ये अशी एखादी भेग असेल तर जिवाणूंना काम करायला अवधीच मिळत नाही. तिकडे निसर्गाने सांभाळले म्हणून इकडेही सांभाळेल, असे गृहीत धरता येत नाही.

चवदार तळ्याच्या पाण्याला ओंजळ लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे चालत गेली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मांडले तेही रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाशी जोडलेले. पाण्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसता नळाचा नव्हता. मिळालेले पाणी कसे आहे हे विचारणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

रंग गेला म्हणजे विष गेले का?

इचलकरंजी आणि सोलापूरच्या कापड उद्योगात जे रंग वापरतात, त्यातले बरेच 'ॲझो' प्रकारचे असतात. दोन कड्यांमध्ये नायट्रोजनचा पूल, अशी त्यांची रचना असते. ऑक्सिजन नसताना जिवाणू हा पूल सहज तोडतात आणि रंगीत पाणी फिके होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्र विभागाने कापडाच्या रंगांचे जैविक विघटन या विषयावर बरेच संशोधन केले आहे.

पण पूल तुटला तरी दोन कड्या तशाच उरतात. त्यांना अरोमॅटिक अमाइन म्हणतात. त्यांपैकी बेंझिडीनसारख्यांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. हे पदार्थ मोडण्यासाठी बहुधा दुसऱ्या टप्प्यात ऑक्सिजन द्यावा लागतो. म्हणून चांगल्या प्रक्रिया केंद्रात आधी हवाबंद टाकी आणि नंतर हवा सोडलेली टाकी अशी जोडी ठेवतात. पहिल्या टाकीतून मिथेन मिळतो आणि वीज कमी लागते, दुसरीत उरलेले काम होते.

यातून घरी नेण्यासारखा धडा एकच आहे. पाणी नितळ दिसते म्हणजे ते शुद्ध असते असे नाही. डोळ्यांनी आणि जिभेने रसायनाची परीक्षा होत नाही, ती प्रयोगशाळेतच होते.

पुन्हा ताईंच्या टाकीकडे

टाकीत थोडे फिनेल गेले तर फारसे बिघडत नाही. कमी प्रमाणातले फिनॉल जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात. सवय झाली की थोडे जास्तही पचवतात. पण रोज अर्धी बाटली ओतली तर तेच फिनॉल त्यांच्यासाठी जंतुनाशक ठरते. शेवटी ते बनवलेच आहे जंतू मारण्यासाठी. पोट भरण्याइतके अन्न आणि जीव घेण्याइतके विष यांत फरक फक्त मात्रेचा आहे.

ॲसिडचा धोका वेगळा आणि मोठा आहे. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना आंबट पाणी चालत नाही. शिवाय गाळात गंधकाची संयुगे असतात. त्यावर ॲसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू उसळून बाहेर येतो. वास मारायला टाकलेले ॲसिड वास वाढवते, ते असे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो फुफ्फुसांना इजा करतो.

बाजारात 'टाकीचे जिवाणू' म्हणून पुड्या मिळतात. साधारण घराला त्यांची गरज नसते. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोज टाकीत जातच असतात. त्यांना मारले नाही म्हणजे पुरे. मात्र जिवाणू सगळाच गाळ संपवत नाहीत. साधारण दर ३ वर्षांनी टाकी यंत्राने उपसून घ्यावीच लागते.

ती जागा माणसाची नाही

आता सगळ्यात महत्त्वाचे. या जिवाणूंना जगता येते त्या जागेत माणसाला जगता येत नाही. टाकीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन नसतो, मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइडही असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठतो. कमी असताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. 'आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही' असे वाटते, तेव्हाच तो सर्वांत घातक असू शकतो. जास्त प्रमाणात एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून झाकण उघडून ठेवलेली टाकीही सुरक्षित नसते. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा बातम्या आपण वारंवार वाचतो.

मरणारी माणसे कोणत्या समाजातली असतात, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. हाताने मैला साफ करायला लावण्यास आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख रुपये केली. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. 'तोच म्हणाला उतरतो' हे उत्तर कायद्यात चालत नाही.

घरी आणि वस्तीत एवढे करावे

१. संडास ब्रश, पाणी आणि थोड्या साबणाने घासावा. फिनेल लागलेच तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून फरशीपुरते वापरावे. टाकीत ओतू नये.

२. ॲसिड टाळावे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये.

३. उरलेला रंग, थिनर, रॉकेल, गाडीचे जळके ऑइल, कीटकनाशक यांतले काहीही मोरीत, नाल्यात किंवा जमिनीवर ओतू नये. डबा घट्ट बंद करून ठेवावा आणि घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. रंगकाम आणि गॅरेजवर काम करणाऱ्या आपल्या तरुणांना हे आवर्जून सांगावे. थिनरने हात धुण्याची सवयही सोडायला सांगावी, कारण ते कातडीतूनही शरीरात जाते.

४. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते. नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते.

५. बोअर किंवा विहिरीच्या पाण्याला पेट्रोल, थिनर किंवा औषधासारखा वास आला, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर ते पिणे ताबडतोब बंद करावे. उकळून उपयोग नाही. रसायनाची वाफ घरात पसरते आणि न उडणारे विष तसेच राहते. ग्रामपंचायत, महापालिका किंवा भूजल विभागाकडे लेखी अर्ज करून पाण्याची रासायनिक तपासणी मागावी. अर्जाची पोच घ्यावी.

६. टाकी भरली तर सक्शन गाडीच बोलवावी. कोणालाही आत उतरवू नये. कोणी आत पडला तर मागोमाग उतरू नये. अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करावा. टाकी आणि गटार सफाईच्या तक्रारीसाठी १४४२० हा मदत क्रमांक आहे.

७. विहाराच्या फलकावर शेवटचे दोन मुद्दे मोठ्या अक्षरात लावावेत.

त्या ताईंना बैठकीनंतर एवढेच सांगितले होते, की महिनाभर फिनेल आणि ॲसिड दोन्ही बंद ठेवून बघा. तथागतांनी सांगितले तसे, सांगणाऱ्यावर विसंबून न राहता स्वतः करून पाहा. टाकी भरत आली असेल तर आधी गाडी बोलवून उपसा, मग हा प्रयोग करा. त्यांनी निघताना आणखी एक प्रश्न विचारला. "आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून लोक माणूस बोलावतात. त्याचे काय करायचे?" या प्रश्नाचे उत्तर जिवाणूंकडे नाही. अरुंद गल्लीत जाणारे छोटे यंत्र किंवा लांब पाइपची गाडी मागण्यासाठी सगळ्या गल्लीच्या सह्यांचा अर्ज महापालिकेत द्यावा लागेल. येत्या बैठकीत तो अर्ज लिहायचा ठरला आहे.